'मोल्ड' म्हणजे बुरशी की साचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंत्रांच्या माहितीपुस्तिका, औषधांची पत्रकं, शेतीची माहिती असं साहित्य इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा व्यवसाय आहे. या कामात ज्या एका शब्दावरून मला सर्वांत जास्त विचारणा होते, तो इंग्रजीतला मोल्ड. शिक्षक विचारतात, कारखान्यातले लोक विचारतात, नव्याने अनुवाद करणारी मुलं विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मोल्ड या शब्दाचे नेमके अर्थ किती?

मुख्य अर्थ तीन. पहिला, शिळ्या पावावर किंवा ओल्या भिंतीवर वाढते ती बुरशी. दुसरा, ज्यात काही ओतून किंवा दाबून आकार दिला जातो तो साचा. तिसरा, पालापाचोळा कुजून तयार झालेली भुसभुशीत, कसदार माती. हा तिसरा अर्थ आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो आणि बागकामाच्या पुस्तकांत नेमका तोच घोटाळा करतो.

एकाच शब्दाला इतके वेगळे अर्थ कसे आले?

मुळात हे तीन वेगळे शब्द आहेत. शतकांच्या ओघात त्यांचा उच्चार सारखा होत गेला आणि अक्षरंही एकच झाली, इतकंच.

साचा या अर्थाचा मोल्ड लॅटिनमधल्या 'मोड्युलस'वरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मोड्युलस म्हणजे छोटं माप. मॉडेल आणि मॉड्यूल हे आपण रोज वापरतो ते शब्द याच घरातले. बुरशीचा मोल्ड 'बुरसणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून आला आणि त्याचे नातलग उत्तर युरोपातल्या भाषांत सापडतात. मातीचा मोल्ड सर्वांत जुना, इंग्रजीचा अगदी घरचा. दळणे, भरडणे या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत तो जातो. माती म्हणजे भरडून बारीक झालेली जमीन. पीठ आणि गिरणी यांचे इंग्रजी शब्दही त्याच धातूचे.

मराठीतही असं होतं. 'साचा' आणि पावसाचं पाणी 'साचलं' हे कानाला एकाच कुळातले वाटतात, पण बोलताना आपला कधी गोंधळ होत नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांचाही मोल्डबद्दल होत नाही. अडतो तो शब्दकोश उघडून पहिला अर्थ उचलणारा.

स्पेलिंगमध्ये कधी 'यू' असतो, कधी नसतो. त्यावरून अर्थ ठरतो का?

नाही. ब्रिटनमध्ये तिन्ही अर्थांना 'यू' लागतो, अमेरिकेत तिन्ही अर्थांचा गळतो. नोआ वेब्स्टरने १८२८च्या आपल्या अमेरिकन कोशात गोल्ड, कोल्ड, ओल्ड यांच्या रांगेत बसावा म्हणून 'यू' नसलेलं रूप पुढे केलं. लिहिणारा कुठला आहे एवढंच त्यावरून कळतं.

चुकीचा अर्थ घेतला तर एवढं काय बिघडतं?

हात जाऊ शकतो.

एका प्लास्टिक कारखान्यासाठी आधीच अनुवाद होऊन आलेली पुस्तिका तपासायला माझ्याकडे आली होती. यंत्र होतं इंजेक्शन मोल्डिंगचं. वितळलेलं प्लास्टिक जोराने पोलादी साच्यात शिरतं, साच्याच्या दोन पाट्या शंभर-दोनशे टनांच्या ताकदीने एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात, थंड झालं की उघडतात आणि बादलीचं झाकण बाहेर पडतं. सुरक्षेच्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'बुरशी पूर्णपणे उघडल्याशिवाय आत हात घालू नये.' पुढच्या पानावर 'बुरशी स्वच्छ व कोरडी ठेवा.' हे दुसरं वाक्य तर वाचताना खरंही वाटेल.

यंत्रावर काम करणाऱ्या एका दादांना मी ते पान दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, बुरशी आली तर आम्ही पुसून घेतो. पण उघडायची कशी?" ज्या माणसाचा हात त्या दोन पाट्यांमध्ये दिवसातून शंभर वेळा जातो, त्याच्यापर्यंत इशारा पोचलाच नव्हता. ती सगळी पुस्तिका मी पुन्हा केली. तेव्हापासून हा शब्द माझ्यासाठी भाषेच्या गमतीजमतींपुरता राहिलेला नाही.

वाक्यात कुठला अर्थ आहे हे ओळखायचं कसं?

शेजारचं क्रियापद बघा. मोल्ड वाढत असेल, पसरत असेल, त्याला वास येत असेल तर बुरशी. त्यात ओतत असतील, भरत असतील, दाबत असतील, तो उघडत-मिटत असेल तर साचा. तो पसा भरून घ्यायचा, कुंडीत मिसळायचा, चाळायचा असेल तर माती. दहांतल्या नऊ वेळा एवढ्यानेच भागतं. दहाव्या वेळी चित्र बघा किंवा सरळ लेखकाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

साच्यासाठी मराठीत 'साचा' हा एकच शब्द आहे का?

नाही, आणि मराठीची श्रीमंती इथेच दिसते. प्रत्येक कारागिराने आपापला शब्द घडवला किंवा उचलला आहे.

पेणच्या गणपती कारखान्यांत साचाच म्हणतात. शाडूची मळलेली माती साच्याच्या आतल्या अंगाला अंगठ्याने दाबत दाबत बसवायची, कानाच्या मागे आणि सोंडेच्या वळणात हवा राहू द्यायची नाही, मग दोन भाग जुळवून सांधा ओल्या मातीने पुसायचा. रबराचा साचा सोलल्यासारखा निघतो. म्हणून दागिन्यांच्या कडा आणि बोटांची टोकं न तुटता बाहेर येतात. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच होते, आणि मूर्तीत जीव येतो तो तिथे. एकाच साच्यातून निघालेल्या दोन मूर्ती शेजारी ठेवा, नजर वेगळी दिसते.

मोदकाचा साचा सर्वांच्या घरी असतो. आत तुपाचा हात फिरवायचा, उकड कडेने दाबून पोकळी ठेवायची, सारण भरायचं, खालून बंद करायचं. कळ्या अगदी सारख्या येतात. हाताने कळ्या पाडणाऱ्या आजी त्याला मोदक मानत नाहीत हा भाग वेगळा. मला स्वतःला हाताचा आवडतो, कारण त्याची पारी पातळ राहते.

पाडव्याच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यात होतात. खाचांवरून दोरा ताणायचा, गरम पाक ओतायचा, थंड झाला की साचा उघडून सबंध माळ उचलायची. वीटभट्टीवर साच्यात चिखल भरून विटा 'पाडतात'. विटा बनवतात असं तिथे कुणी म्हणत नाही. इडलीला पात्र लागतं. गुऱ्हाळात गुळाच्या ढेपेला आकार देणारी बादली हासुद्धा इंग्रजी अर्थाने मोल्डच, पण ती बादलीच. स्लॅब ओतताना खाली ठोकलेल्या फळ्या आणि प्लेटा म्हणजे काँक्रीटचा साचा. गवंडी त्याला सेंट्रिंग म्हणतो. चपला करणाऱ्याकडे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा असतो, तो फर्मा. छापखान्यातही फर्मा असतो, पण तो पुस्तकाच्या एकत्र छापलेल्या पानांचा.

यंत्रशाळेत बहुतेक जण 'डाय' किंवा 'मोल्ड'च म्हणतात. पत्रा दाबून आकार देणारी ती डाय, प्लास्टिक ज्यात शिरतं तो मोल्ड, असा फरक जाणकार करतात, पण बोलताना दोन्हींना डाय म्हणणारेही भेटतात. वर सांगितलेल्या पुस्तिकेत मी आधी सगळीकडे 'साचा' घातलं होतं. कामगारांनी वाचून सांगितलं, आम्ही मोल्ड म्हणतो. शेवटी 'मोल्ड' ठेवलं आणि पहिल्या पानावर एकदा 'मोल्ड म्हणजे साचा' असं लिहिलं. जो शब्द यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडात आहे, तोच बरोबर.

मूस आणि साचा एकच ना?

नाही. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. सोनाराच्या शेगडीत निखाऱ्यांवर असतं ते. धातू वितळतो मुशीत, आकार घेतो साच्यात. म्हणून 'संघर्षाच्या मुशीतून घडलेला' हा वाक्प्रचार तापण्याबद्दल बोलतो, आणि 'एका साच्यातले' हा सारखेपणाबद्दल. इंग्रजी मोल्डच्या जागी 'मूस' टाकली की वाक्य भारदस्त होतं आणि अर्थ हलतो. वर्तमानपत्रांत हे फार दिसतं.

साचा एकदाच वापरून फोडायचा असतो, हे खरं का?

काही पद्धतींत, हो. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मग माती फोडून मूर्ती काढायची. संस्कृतात याला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही रीत वर्णन केली आहे. फौंड्रीतला वाळूचा साचाही प्रत्येक ओतकामानंतर मोडतो. वाळू चाळून, पुन्हा ओली करून नवा बांधतात.

अद्वितीय माणसाबद्दल इंग्रजीत म्हणतात की त्याला घडवल्यावर साचाच फोडून टाकला. हे शब्दशः मराठीत आणू नका. आपल्याकडे 'असा माणूस पुन्हा होणे नाही' हे तयार आहे.

बुरशी, भुरी, फंगस, कवक यांत फरक काय?

फंगस हे मोठं कुटुंब. त्यात पाव फुगवणारं यीस्ट येतं, पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी येते आणि तंतूंनी पसरणारी बुरशीही येते. इंग्रजीतला मोल्ड हा फक्त शेवटचा प्रकार. मराठीत रोजच्या बोलण्यात फंगस आणि मोल्ड या दोन्हींना बुरशीच म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात कवक. सर्वसामान्य वाचकासाठी लिहीत असाल तर 'बुरशी' पुरे आहे.

शेतकऱ्याचे शब्द याहून बारीक आहेत. द्राक्षाच्या पानावर पिठासारखा पांढरा थर आला तर ती भुरी. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी लव दिसली तर केवडा, म्हणजेच डाऊनी. गव्हाच्या पानावर गंजासारखी पूड आली तर तांबेरा, ज्वारीच्या दाण्याच्या जागी काळी भुकटी आली तर काणी. या सगळ्यांना सरसकट 'बुरशी' लिहिणारा सल्ला बागेत कामाचा नाही, कारण भुरीचं औषध केवड्याला लागू पडेलच असं नाही.

केवड्याची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरतच नाहीत. तो 'वॉटर मोल्ड' गटातला. याच गटातल्या एका रोगाने १८४५पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक नासवलं आणि तिथे भीषण दुष्काळ पडला. केवड्यावरचा जुना उपाय फ्रान्समधल्या बोर्दो परिसरातला, १८८५मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी मांडलेला. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारलेला असे, आणि त्याच वेली रोगातून वाचलेल्या त्यांना दिसल्या. आपल्याकडचं बोर्डो मिश्रण ते हेच: एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी.

'स्लाइम मोल्ड' हीसुद्धा बुरशी का?

नाही, नाव तेवढं मोल्डचं. कुजक्या लाकडावर पिवळ्या शेवाळी लगद्यासारखी सरकणारी ही वेगळीच जीवजात आहे. २०१०मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवले, तेव्हा या लगद्याने दाण्यांमध्ये जोडलेलं जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंच जुळलं. मराठीत लिहिताना 'स्लाइम मोल्ड' असंच ठेवावं. 'चिकट बुरशी' म्हटलं की वाचक चुकीच्या कुटुंबात जाऊन पोचतो.

भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे कोरोनाच्या वेळची 'काळी बुरशी' का?

नाही. २०२१मध्ये बातम्यांत आलेली काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. तिथला काळेपणा रक्तपुरवठा तुटून मेलेल्या ऊतींचा; बुरशीचा स्वतःचा रंग तो नव्हे. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांमुळे ती तेव्हा इतक्या लोकांना झाली. न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात ते दुसऱ्या बुरशांचे. त्यांचा त्रास दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना होतो, म्हणून त्या काढाव्यातच, पण त्या वर्षीची भीती त्यांना चिकटवू नये.

काढायच्या तर आधी ओल कुठून येते ते शोधा. गळका नळ तसाच ठेवून भिंत पुसली तर पंधरा दिवसांत ठिपके परत येतात. आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

भिंतीवर पांढरा थर आला आहे. तीही बुरशीच?

आधी बोटाने चाचपा. दाणेदार लागला, भुरभुरला आणि पाण्याचं बोट लावताच विरघळला तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार. लव असेल, पुसल्यावर डाग राहत असेल आणि खोलीला कुबट वास येत असेल तर बुरशी. दोन्हींचं कारण ओलच, पण बुरशीनाशक फवारून लोणा जात नाही. 'कुबट' या शब्दाला इंग्रजीत जोड सापडते, पण इतक्या नेमकेपणाने नाकाशी येणारी नाही असं मला वाटतं.

बुरशी आलेला भाग काढून उरलेलं खाल्लं तर चालतं का?

पाव, भात, भाजी, जॅम यांचं नाही. वर दिसतो तो हिरवा ठिपका म्हणजे फक्त शेंडा, तंतू मऊ पदार्थात खोल गेलेले असतात. घट्ट चीजचा तुकडा असेल तर ठिपक्याभोवतीचा इंचभर भाग कापून टाकता येतो. लोणच्याच्या फोडी तेलाखाली बुडालेल्या ठेवा. वर रंगीत लव धरली असेल तर बरणी वाचवायचा मोह सोडा.

शेंगदाण्याबाबत अधिक काळजी घ्यावी. काळपट पडलेला, सुरकुतलेला, बुरसलेला दाणा निवडून फेकून द्यावा. त्यावरच्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृतावर जातं आणि भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, तेव्हा ते उघडकीस आलं. १९७४मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरसलेला मका खाऊन माणसं दगावली.

मग सगळ्याच बुरशा वाईट?

नाही. १९२८मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत चुकून बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. पेनिसिलिन ते हेच. आपल्याकडे ते पिंपरीत तयार होऊ लागलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झालं. प्रचंड टाक्यांत सांभाळून बुरशी वाढवायची, हेच तेव्हा तिथलं काम होतं. रोकफोर चीजच्या निळ्या शिरा आणि मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पदार्थाची चव हीदेखील बुरशीचीच देणगी.

बागकामाच्या पुस्तकात 'लीफ मोल्ड' घालायला सांगितलं आहे. बुरशी आणायची कुठून?

आणायची नाही. लीफ मोल्ड म्हणजे पालापाचोळा कुजून झालेलं काळं, हलकं खत. हातात घेऊन दाबलं तर लाडू वळतो आणि सोडलं की सुटतो. हा तो तिसरा, मातीचा मोल्ड. नर्सरीत 'पालापाचोळ्याचं खत' म्हणून मागा.

मातीचा हाच मोल्ड नांगरातही लपला आहे. फाळाने कापलेली माती उलटवणारा जो वळणदार पत्रा असतो, त्याच्या इंग्रजी नावात मोल्ड आहे तो माती या अर्थाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३मध्ये बेळगावात लोखंडी नांगर केला तो या जातीचा. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी आधी तो घेईनात. माती उलटवणारा भाग आधी वाळूच्या साच्यात ओतायचा आणि मग मातीत घालायचा, असे दोन मोल्ड तिथे एकत्र आले. मला हे उदाहरण फार प्रिय आहे आणि वर्गात मी ते नेहमी सांगते.

विचारांबद्दल बोलताना मोल्डचं काय करायचं?

मराठीत इथे दोन सुरेख शब्द आहेत आणि दोन्ही टोकाचे वेगळे. 'बुरसटलेले विचार' म्हणजे जुने, हवा न लागलेले. 'साचेबद्ध विचार' म्हणजे सगळ्यांसारखे, ते अगदी आजचेही असू शकतात. साचा मोडणारा असं इंग्रजीत म्हटलं असेल तर मराठीत 'चौकट मोडणारा' किंवा 'वेगळ्या वाटेने जाणारा' जास्त सहज वाटतं.

मराठी विकिपीडियावर 'साचा' दिसतो, तो कुठला?

तिथे तो टेंप्लेट या अर्थाने आहे, म्हणजे एकदा बांधून अनेक पानांवर वापरायचा मजकुराचा तयार आराखडा. संगणकासाठी इतका चपखल जुना शब्द क्वचितच मिळतो.

डॉक्टरांनी बाळाच्या डोक्याला 'मोल्डिंग' झालंय असं लिहिलं आहे. घाबरायचं का?

जन्मताना अरुंद वाटेतून येताना बाळाच्या कवटीची हाडं जरा सरकतात आणि डोकं लांबट दिसतं, त्याला मोल्डिंग म्हणतात. बहुधा काही दिवसांत ते आपोआप गोल होतं. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. शंका असेल तर पुढच्या तपासणीत बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

नकाशावर 'मोल्ड' नावाचं गाव दिसतं. ते कशावरून?

ते ब्रिटनमधल्या वेल्समध्ये आहे. नाव उंच टेकडी या अर्थाच्या नॉर्मन फ्रेंच शब्दांवरून पडलं, त्यामुळे वरच्या तिघांपैकी कुणाशीच नातं नाही. वेल्श लोक त्याला 'अर विद्गरीग' म्हणतात. १८३३मध्ये तिथे दगड काढताना एका जुन्या थडग्यात सोन्याचा खांद्यावरचा अंगरखा सापडला, साडेतीन हजार वर्षांहून जुना. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सोन्याच्या एकाच तुकड्यावर हातोडीने ठोकून ठोकून तो इतका पातळ केला आहे, साच्यात ओतलेला नाही.